चौदा पानं, तीस मिनिटं

वकीलबाईंच्या वर्गात सात आठवडे बसून गेलेल्या कुठल्याही वकिलाला गाठा आणि विचारा, 'रंगाच्या ओढ्याचं प्रकरण काय होतं?' घडाघडा सांगेल. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, पंख्याचा आवाज मोठा आणि वारा बेताचा. तिथे हे प्रकरण सोळा वर्षं शिकवलं जात होतं. अभ्यासक्रमाचं नाव भलंमोठं: 'शाश्वत विकास आणि जागतिक न्याय यांत कायद्याची भूमिका'. पहिल्या दिवशी नाव ऐकूनच निम्मे वकील घड्याळाकडे बघायचे. मग बाई फळ्यापाशी जायच्या आणि खडू न उचलता म्हणायच्या, "एक ओढा होता. सोमवारी लाल, मंगळवारी निळा." माना वळायच्या.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना, खालच्या अंगाला एकतीस घरांची वस्ती. ओढ्याचं पाणी झिरपून हातपंपातूनही रंगीत पाणी यायला लागलं, पोरांच्या पायांवर चट्टे उठले. कारखाना बंद करा म्हणावं, तर निम्मी वस्ती त्याच कारखान्यात कामाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाई तेव्हा तेहेतीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षं भांडल्या आणि कारखान्याला तडजोडीवर आणलं. कारखाना चालू राहील, पण पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडेल. वस्तीला नळाने चांगलं पाणी देईल. ओढा वाचला, पोटही वाचलं.

"पण या तडजोडनाम्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती?" बाई इथे थांबायच्या. सोळा वर्षांत ही थांबायची जागा एका श्वासानेही हलली नव्हती. "शेवटची ओळ. 'वरील सर्व मजकूर पक्षकारांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवला, समजावून सांगितला, व तो त्यांना मान्य आहे.' खाली माझी सही. न्याय म्हणजे दुसरं काही नसतं हो. ज्याच्या नशिबाचा कागद आहे त्याला तो कळला पाहिजे."

टाळ्या पडायच्या. बाईंना वकीलमंडळी 'वाचून दाखवणाऱ्या बाई' म्हणत, आणि त्या टोपणनावाचा बाईंना मनातून फार अभिमान होता.

त्या वर्षी या कीर्तीला परदेशातून मागणी आली. संस्थेचे संचालक, गुबगुबीत आणि सदा घाईत असलेले गृहस्थ, नाचायचेच बाकी होते. बाहेरच्या पाहुण्यांनी रंगाच्या ओढ्याचं प्रकरण नमुना म्हणून निवडलं होतं. त्याची पुस्तिका निघणार, अकरा देशांतल्या वकिलांना त्यावरून शिकवणार. त्यासाठी संचालकांनी न्यायालयाच्या दप्तरातून तडजोडनाम्याची अख्खी नक्कल काढून आणली. बाई आजवर फळ्यावर पहिली आठ कलमं आणि ती शेवटची ओळ एवढंच लिहीत आल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्या वर्गात शिरल्या, तर प्रत्येक बाकावर चौदा पानांचा गठ्ठा टाचून ठेवलेला.  तरी हसऱ्या चेहऱ्याने त्यांनी पुन्हा ओढ्यापासून सुरुवात केली, सोमवारी लाल, मंगळवारी निळा.

पुढच्या बाकावर शिक्केवाले बसले होते. हे वयाने वर्गात सर्वांत मोठे, चौपन्न वर्षांचे. वकील आणि नोटरी. बावीस वर्षं न्यायालयाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून लोकांच्या कागदांवर शिक्के मारलेले. सुनेने त्यांचा अर्ज परस्पर भरला होता, "घरात बसून माझी भांडी मोजण्यापेक्षा काहीतरी शिका" म्हणून. पोरासोरांमध्ये बसून ते इमानदारीने वही लिहीत. शब्द पुटपुटत लिहायची सवय असल्यामुळे मागची मुलं हसत.

त्यांनी हात वर केला. "मॅडम, एक शिकायचंय."

"विचारा की."

"या कागदाच्या तळाला छापल्याची वेळ आलीय बघा. आपोआप येते ती. अकरा दहा. आणि पहिल्या पानावर न्यायालयाच्या खिडकीचा शिक्का, अकरा चाळीस. म्हणजे मध्ये तीस मिनिटं. त्यात एकतीस अंगठे." ते कौतुकाने पानं उलटत होते. "मला चार पानं वाचून समजावायची तर पाऊण तास जातो. लोक मध्ये विचारतात, भांडतात. तुम्ही तीस मिनिटांत चौदा पानं कशी वाचून दाखवलीत? काय पद्धत वापरलीत? मला तीच शिकायचीय."

वर्गात कुणाला काही वावगं वाटलं नाही. विचारणाऱ्यालाही नाही, हेच तर वाईट. टोमणा असता तर बाईंनी तो सहज परतवला असता, वकील होत्या. पण हा माणूस खरोखरच पेन उघडून बसला होता.

"आदल्या दिवशी," बाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा निघाला. "आदल्या दिवशी वस्तीवर जाऊन मसुदा वाचून दाखवला होता. त्यामुळे त्या दिवशी फक्त अंगठे."

"अस्सं!" शिक्केवाल्यांचा चेहरा उजळला. आणि पुटपुटत त्यांनी लिहिलं, "मसुदा... आदल्या... दिवशी... वस्तीवर... वाचावा." मागे पंचवीस पेनं तेच लिहू लागली. त्या पेनांचा आवाज बाईंना पंख्याच्या आवाजावरूनही ऐकू आला.

संध्याकाळी घरी सासूबाई वाटच बघत होत्या. दोन वर्षांपासून त्यांची नजर गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. बाईंचा नवरा पुलांच्या कामावर परगावी. घरात या दोघीच. रोज बाईंनी वर्तमानपत्र, आलेली पत्रं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सगळं वाचून दाखवायचं असा शिरस्ता होता. आज इमारतीच्या समितीची सूचना होती. बाईंनी पाण्याच्या वेळा वाचल्या आणि म्हणाल्या, "खाली चिटणिसाची सही."

"गाळलंस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो, आई."

"नाही कसं? कागद एवढा वेळ तुझ्या हातात सळसळला, आणि मजकूर चिमूटभर? मध्ये काहीतरी होतं."

होतं. 'वयोवृद्धांनी लिफ्टमधून एकट्याने ये-जा करू नये.' ऐकलं असतं तर सासूबाईंनी उद्या सकाळीच चिटणिसाचं दार ठोठावलं असतं, म्हणून बाईंनी ती ओळ पोटात ठेवली होती. आता नाइलाजाने वाचली.

"बघ. नेमकं माझ्याबद्दलचंच गाळलंस," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर खणखणीत वाचलं असतंस. अगं, मला त्रास होईल म्हणून नव्हतं गाळलंस तू. तुला त्रास होईल म्हणून गाळलंस."

त्या आपल्या सहज बोलल्या आणि चहा मागितला. बाई स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस न पेटवताच उभ्या राहिल्या.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. अठरा वर्षं त्या दिवसावर बाईंनी टोपली झाकून ठेवली होती, आणि 'वाचून दाखवलं' हे इतक्या वेळा सांगितलं होतं की कधीकधी त्यांना स्वतःचा वाचतानाचा आवाजही आठवायचा. तो आवाज नव्हताच. न्यायालयाच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. खिडकी बाराला बंद होणार. वस्तीची माणसं सकाळपासून चालत येऊन व्हरांड्यात बाकांवर आणि जमिनीवर बसलेली. कारखान्याचा वकील अकरा वाजून गेल्यावर नवा छापलेला गठ्ठा घेऊन आला. त्यात एक कलम जास्त होतं, नववं. 'यापुढे पाण्यासंबंधी कोणत्याही कारणाने पक्षकार वा त्यांचे वारस न्यायालयात दाद मागणार नाहीत.'

बाईंनी ते वाचलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, उभ्याउभ्या, दोनदा. "हे कशाला?" त्या म्हणाल्या होत्या. "हे नसेल तर आमची सही नाही," तो म्हणाला होता, आणि घड्याळ दाखवलं होतं. दोन वर्षांचं भांडण, वर्तमानपत्राचा माणूस बाहेर थांबलेला, आणि लोकांना नववं कलम वाचून दाखवलं तर ते अंगठा देणार नाहीत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी वाचलं नाही. घाईवर त्यांनी पुढे बरंच काही ढकललं, पण घाई हे कारण नव्हतं. हातपंपाजवळ राहणारी एक बाई, तिला सगळे पंपवाली म्हणत, अंगठ्याला शाई लावून कागदावर हात धरून थांबली होती. "काय लिवलंय, बाई?" तिने विचारलं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या भल्याचंच आहे. करा लवकर."

सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "चहा पिकायला घातलास का गं?" बाईंनी गॅस पेटवला.

सोमवारी वर्ग सुटल्यावर शिक्केवाले मागे रेंगाळले. सगळे गेले तसं त्यांनी दार लोटून घेतलं आणि बाकाच्या कडेला बसले. बूट चिखलाने माखलेले होते.

"मॅडम, मी काल वस्तीवर जाऊन आलो."

बाईंच्या हातातलं डस्टर तसंच राहिलं. "कशाला?"

"आदल्या दिवशी तुम्ही कसं वाचलंत ते विचारायला. म्हटलं, ऐकणाऱ्याकडून कळेल ना, काय समजलं, काय नाही." ते बुटांकडे बघत होते. "कुणाला आठवत नाही म्हणाले. आता म्हातारी झालीत माणसं. अठरा वर्षं म्हणजे काय थोडी? विसरले असतील."

एवढं बोलून त्यांनी बाईंना निसटायला वाट करून दिली होती. त्या वाटेने जायला बाईंचं एक पाऊल उचललंही गेलं, त्यांनी मान डोलावली. त्यांनी किती चटकन डोलावली, याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"नळ?" त्यांनी विचारलं.

"पाच वर्षं आलं पाणी. मग कारखाना दुसऱ्याने घेतला, त्याने तोडलं. शुद्ध करायचं यंत्र गंजून पडलंय. मी गेलो तेव्हा ओढा पिवळा होता. लोक तीन वर्षांपूर्वी न्यायालयात गेले होते, पण नवव्या कलमामुळे अर्ज दारातच फेटाळला. लोक म्हणाले, आम्हाला हे माहीतच नव्हतं. तर न्यायाधीशांनी ती शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली. तुमच्याच वकिलाने लिहून दिलंय, म्हणाले. आणि ती वकील म्हणजे कोण, तर वाचून दाखवण्यासाठीच नावाजलेली."

पंखा घरघरत होता. बाई खुर्चीत बसल्या.

"तीन वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वीच याच खोलीत त्यांना मानपत्र मिळालं होतं. ते दाराशेजारी लटकत होतं, शिक्केवाल्यांच्या डोक्यावरच.

शिक्केवाल्यांनी बुटाचा चिखल बाकाच्या पायाला घासला. मग खाली मान घालूनच म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे एक शिक्का आहे. 'मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य.' रबरी. बावीस वर्षं मी तो न वाचताच मारत आलो. रांग असते, लोक घाईत असतात. मागच्या वर्षी एक म्हातारा आला, म्हणाला, तुमच्या शिक्क्याने माझं घर गेलं. मला तोंड वर करता येईना. सुनेने अर्ज भरला हे खरं, पण या वर्गाचा कागद तिच्यापुढे मीच ठेवला होता. म्हटलं, एक तरी माणूस आहे जो खरंच वाचतो. त्याच्याकडून शिकू."

बाई मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. या माणसाने त्यांना चोर म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मी वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशीही नाही. कधीच नाही."

"हं," शिक्केवाले म्हणाले. त्यांना ते वस्तीवरच कळलं होतं, हे त्या एका 'हं'वरून कळलं.

संचालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खोलीची खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "अहो, अकरा देश! अशा जुन्या गोष्टी कोणी उकरतं का? फार तर तळटीप टाकू. 'प्रक्रियेत काही उणिवा राहिल्या.' सगळीकडे राहतात."

"माझ्याकडून राहिली नाही. मी ठेवली."

"तुमची सनद जाईल. संस्थेचं नाव जाईल. आणि त्या वस्तीला काय मिळणार?"

"न्यायालयाचं दार," बाई म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं असं मीच शपथेवर सांगितलं तर नवव्या कलमाला पुन्हा हात घालता येईल. नाहीतर त्यांच्या नातवंडांनाही ते बांधून ठेवेल." बोलल्या खऱ्या, पण हेच वाक्य एखाद्या वर्गात किती छान वाटलं असतं असाही एक विचार त्यांच्या मनात चमकून गेला, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण; आणि पाषाणाला अजून टाळ्यांची हौस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला वह्या उघडायला लावल्या. "आदल्या दिवशी वाचलं, ही ओळ खोडा. ते खोटं होतं." सगळं सांगितलं, नववं कलम, शाई, 'करा लवकर'. या वेळी त्या कुठेही थांबल्या नाहीत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरची एक तरुण वकील तेवढी वर्ग सुटल्यावर आली आणि म्हणाली, "वस्तीचं वकीलपत्र मी घेते." बाईंकडे तिने बघितलं नाही. फळ्याकडे बघून बोलली.

रविवारी बाई, शिक्केवाले आणि ती तरुण वकील असे तिघं वस्तीवर गेले. ओढा त्या दिवशी जांभळा होता. एकतीस घरांपैकी एकोणीस उरली होती. अंगठे देणाऱ्यांतली नऊ माणसं हातपंपाच्या ओट्याभोवती जमली. पंपाचा दांडा कधीच नाहीसा झाला होता. पंपवाली आता सत्तरीची होती, खुर्ची आणून दिली तरी ती उभीच राहिली. बाईंनी पिशवीतून चौदा पानं काढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. लोक मध्ये विचारत होते, भांडत होते, बाई थांबून सांगत होत्या, पुन्हा वाचत होत्या. नववं कलम आलं. तेही त्यांनी शब्द न गाळता वाचलं.

"परत वाचा," एक म्हातारा म्हणाला.

त्यांनी परत वाचलं.  मागच्या घरातून एक सून भांडं घेऊन आली होती, ती तशीच दाराला टेकली.

चौदा पानांना पावणेदोन तास लागले. शेवटी बाई म्हणाल्या, "हे मी तेव्हा वाचायला हवं होतं. मी मुद्दाम वाचलं नाही. तुम्ही नाही म्हणाल, ही भीती होती मला."

"नाहीच म्हटलं असतं," पंपवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "मी विचारलं होतं तुम्हाला. अंगठा वर धरून विचारलं होतं. घरी गेल्यावर आमचे मालक मला म्हणाले, बाईंना असं विचारायचं असतं का, त्यांना काय वाटलं असेल. मला लाज वाटली हो तेव्हा. इतकी वर्षं वाटत होती, की मी तुमच्यावर संशय घेतला."

बाईंना वर बघवेना. आपली लाज इतकी वर्षं ही बाई वागवत होती, हे त्यांच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, एकच पान. ओट्यावर ठेवून त्या सहीला वाकल्या, म्हणजे शिक्केवाल्यांना शिक्का मारता येईल. शिक्केवाल्यांनी शिक्का काढला, पण पेटीवरच ठेवला, आणि कागद बाईंच्या हाताखालून अलगद ओढून घेतला.

"अहो, मीच लिहिलंय ते," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे त्यात काय आहे."

"असेल, मॅडम. पण वाचल्याशिवाय शिक्का नाही. ठरवलंय मी."

आणि चष्मा पुसून, नेहमीसारखे शब्द सावकाश फोडत, त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी खाली सही करणार, धंदा वकिली. मी शपथेवर सांगते की मी मजकूर वाचून दाखवला नाही. मी शपथेवर सांगते की मला नववं कलम माहीत होतं. मी शपथेवर सांगते की एका पक्षकाराने मला विचारलं असता मी तिला खोटं सांगितलं. नऊ माणसं ऐकत होती. लिहिताना बाईंना यातली वाक्यं नेटकी वाटली होती. आता प्रत्येक वाक्याला शिक्केवाले थांबत आणि बाईंच्या तोंडाकडे बघत, छत्रीखाली बावीस वर्षांत कुणाकडे बघितलं नसेल तसे, आणि बाईंनी मान हलवल्याखेरीज पुढे जात नसत. बाई उभ्या होत्या तिथून ओढा दिसत होता. त्यांनी तिकडे बघायचा प्रयत्न केला, पण शिक्केवाले थांबले.

एक पान संपायला सात मिनिटं लागली.

शिक्केवाल्यांनी कागद ओट्यावर ठेवला, पेन पुढे केलं. बाईंनी ते घेतलं. हात कागदावर टेकला, तेवढ्यात पंपवाली एक पाऊल पुढे आली.

"समजलं का, बाई?" तिने विचारलं. "की परत वाचायला सांगू?"